दारावरचा आवाज उशिरा का पोहोचतो?

घराच्या सुरक्षेसाठी बसविलेल्या कॅमेऱ्यातून किंवा व्हिडिओ डोअरबेलमधून येणारा आवाज चित्राच्या मागे रेंगाळतो, अशी तक्रार आता मोठ्या शहरांपुरती उरलेली नाही. हा दोष बहुतेक वेळा यंत्र न बदलता दूर करता येतो. मात्र विलंब नेमका कोठे होतो, हे आधी शोधावे लागते.

तमिळनाडूत कुंभकोणम्‌हून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुभुवनम् हे गाव लागते. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या काळातील कंपहरेश्वराचे मंदिर आणि रेशमी साड्या या दोन गोष्टींसाठी ते प्रसिद्ध आहे. येथील विणकरांमध्ये सौराष्ट्री भाषा बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तिरुभुवनम्‌च्या रेशमी साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. येवल्यातील पैठणी विणणाऱ्या घरांप्रमाणेच येथील विणकराच्या घरातही राहणे आणि काम करणे वेगळे काढता येत नाही. माग घरात, रेशीम घरात, तयार साडीही घरातच आणि ती पाहायला येणारे गिऱ्हाईक उंबऱ्याशी. अशा घराच्या दारावर कॅमेरा लावावासा वाटणे स्वाभाविक आहे.

कुंभकोणम् आणि तंजावरच्या परिसराशी मराठी वाचकांचे नातेही जुने आहे. १६७६ मध्ये व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राजघराणे होते आणि त्या काळात दक्षिणेत स्थायिक झालेल्या कुटुंबांचे वंशज आजही तंजावरी मराठी बोलतात. मात्र शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने पुढची पिढी चेन्नई, बंगळूर, पुणे किंवा परदेशात गेली आणि घरी वृद्ध आईवडील उरले, ही कथा तेथे आणि कोकणातल्या एखाद्या गावात सारखीच आहे. दारावरची डोअरबेल ही अशा घरांत दूरच्या मुलाचे डोळे आणि तोंड होऊन बसते.

समजा, कुंभकोणम्‌जवळच्या अशा एका घराची घंटा वाजली. पुण्यातील मुलीच्या मोबाइलवर दारातला अनोळखी माणूस दिसला. ती म्हणाली, "आई, दार उघडू नकोस, आधी कोण आहे ते विचार." हे वाक्य दारापाशी दोन सेकंदांनी पोहोचले, तर तेवढ्या अवधीत कडी निघालेली असते. कॅमेऱ्याचे चित्र कितीही स्वच्छ असले तरी त्या दोन सेकंदांची भरपाई होत नाही.

एका तक्रारीत तीन दोष

'आवाज उशिरा येतो' या शब्दांत प्रत्यक्षात तीन निरनिराळे दोष सांगितले जातात आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात चित्र व आवाज यांचा मेळ बसत नाही. माणसाचे ओठ हलून थांबतात आणि मग शब्द ऐकू येतात. दुसऱ्यात मेळ बरोबर असतो, पण दोन्ही मिळून प्रत्यक्ष घटनेच्या मागे असतात; कुरिअरवाला पाकीट ठेवून गेलेला असतो आणि मोबाइलवर तो अजून पायऱ्या चढत असतो. तिसऱ्यात आपण बोललेले पलीकडे उशिरा किंवा तुटक पोहोचते. एकाच घरात तिन्ही एकत्र असू शकतात, हे खरे. तरीही ते वेगवेगळे ओळखले नाहीत तर माणूस नवा राउटर आणतो आणि दोष इअरफोनमध्ये निघतो.

किती विलंब खपतो याविषयी दूरसंचार क्षेत्रात बऱ्याच वर्षांपूर्वी अभ्यास झालेला आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला, किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद नंतर आला, की प्रेक्षकाला बेमेळ जाणवू लागतो. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आवाज आधी आलेला आपल्याला लवकर खटकतो आणि मागाहून आलेला बराच वेळ चालतो, याचे कारण निसर्गात आहे. वीज आधी चमकते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो. धोबीघाटावर कपडा आधी आपटलेला दिसतो आणि आवाज मागून येतो. उलटा क्रम माणसाने कधी अनुभवलेलाच नाही.

संभाषणाची कसोटी निराळी आहे. त्याच संघाच्या दुसऱ्या एका शिफारशीप्रमाणे एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणाऱ्यांना फारसे काही जाणवत नाही आणि ४०० मिलिसेकंदांची मर्यादा ओलांडू नये. त्यापलीकडे दोघेही एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात. दूरचित्रवाणीवर उपग्रहामार्फत बोलणारा वार्ताहर प्रश्न ऐकल्यावर क्षणभर नुसताच पाहत राहतो, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तेथवर जाऊन परत यायला संकेताला पाव सेकंद लागतो आणि उत्तराला पुन्हा तेवढाच.

दारावरच्या कॅमेऱ्याला असा कोणताही निमित्ताचा धनी नाही. कुंभकोणम् ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ११४० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे या प्रवासाला सहा मिलिसेकंदही लागत नाहीत. तारा वळणावळणाने गेल्या आहेत असे धरून ही संख्या दुप्पट-तिप्पट केली तरी ती वीस मिलिसेकंदांच्या आसपास राहते. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचे अंतर गृहीत धरले तरी एका बाजूने शंभर मिलिसेकंदांच्या आसपास काम भागते. मग दोन सेकंद येतात कोठून?

टाकीचे पाणी

घराच्या दारावर कॅमेरा आणि दुतर्फा बोलण्याची सोय, ही कल्पना आजची नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने आणि तिच्या पतीने १९६६ मध्ये अशा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ते २ डिसेंबर १९६९ रोजी मिळाले. दारावरचा माणूस दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसावा, त्याच्याशी बोलता यावे आणि बटण दाबून दार उघडता यावे, अशी ती रचना होती. त्या काळच्या यंत्रांत आवाजाचे आकड्यांत रूपांतर होत नसे. तो कोठेही साठवला जात नसे. त्यामुळे तो उशिरा येण्याचा प्रश्नच नव्हता. विलंब हे अंकीय युगाचे अपत्य आहे.

आजच्या कॅमेऱ्यात मायक्रोफोनने टिपलेला ध्वनी आकड्यांत बदलतो, त्याचे बहुधा वीसेक मिलिसेकंदांचे तुकडे पडतात, ते आकसले जातात आणि वाय-फायवरून राउटरकडे, तेथून इंटरनेटवर आणि बहुतेक वेळा एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे मोबाइलकडे येतात. चित्राचेही तसेच होते, पण त्याचे काम जड असल्याने त्याला जास्त वेळ लागतो. मोबाइल हे तुकडे आल्या आल्या वाजवीत नाही. तुकडे एकसारख्या अंतराने येत नाहीत, म्हणून तो थोडे साठवून मग ओळीने सोडतो. नळाला पाणी कमीजास्त दाबाने येत असले की गच्चीवर टाकी बांधावी लागते, तसाच हा प्रकार. पुरवठा जितका बेभरवशाचा तितकी टाकी मोठी, आणि टाकी जितकी मोठी तितका उशीर.

या दोषाचे मर्म येथेच आहे. इंटरनेटचा वेग वाढविल्याने हा विलंब क्वचितच कमी होतो. तो कमी होतो तुकडे नियमितपणे येऊ लागल्यावर. आवाजाला लागणारी जागा नगण्य असते. जुन्या पद्धतीच्या संकेतनातही ती सेकंदाला ६४ किलोबिट असते, तर पूर्ण स्पष्टतेच्या एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला दोन ते चार मेगाबिट घेते. शंभर मेगाबिटची जोडणी तीनशेची करून घेणारे गृहस्थ दर महिन्याला अधिक बिल भरतात आणि आवाज आपला होता तेथेच राहतो, याचे आश्चर्य वाटू नये.

टाळी वाजवून परीक्षा

दोष शोधण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे टाळी. एकाने कॅमेऱ्यासमोर उभे राहून सेकंदकाटा किंवा चालू स्टॉपवॉच दाखविणारा दुसरा मोबाइल धरावा आणि त्याच हाताशेजारी जोरात टाळी वाजवावी. दुसऱ्याने ॲपमध्ये हे दृश्य पाहताना मोबाइलच्या पडद्याचे आवाजासह रेकॉर्डिंग करून ठेवावे. हात एकमेकांना टेकलेले दिसणे आणि टाळी ऐकू येणे यांतील अंतर हा पहिला दोष. स्टॉपवॉचवर दिसलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांतील अंतर हा दुसरा. तिसऱ्यासाठी मोबाइलमधून 'एक, दोन, तीन' म्हणावे आणि दारापाशी उभ्या असलेल्या माणसाने ते कधी ऐकू आले हे हात वर करून दाखवावे. हात वर केलेला दिसण्यातही उशीर असतो, तो वजा करावा लागतो.

ही परीक्षा एकदा घरच्या वाय-फायवर, एकदा मोबाइलच्या डेटावर करावी आणि शेवटी कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डवर साठलेला तोच तुकडा उघडून पाहावा. कार्डावरील रेकॉर्डिंगमध्ये टाळी जागच्या जागी असेल आणि थेट पाहताना नसेल, तर कॅमेरा निर्दोष आहे. दोष वाटेत किंवा मोबाइलमध्ये आहे. कार्डावरही टाळी मागे पडलेली असेल, तर राउटरला हात लावण्यात अर्थ नाही. घरात सर्व ठीक आणि बाहेर गेल्यावर बिघडत असेल, तर घराबाहेरचा रस्ता तपासावा. कॅमेरा बंद करून सुरू केल्यावर मेळ बसतो आणि दिवस चढेल तसा बिघडत जातो, असेही दिसते. त्याविषयी पुढे.

यापूर्वी एक साधी गोष्ट करावी: कानातला ब्लूटूथ इअरफोन काढावा. त्यात आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद अडकतो. साठविलेला चित्रपट पाहताना मोबाइल चित्रही तेवढेच थांबवितो, म्हणून ते कळत नाही. थेट प्रक्षेपणात ही सवलत अनेक ॲप देत नाहीत. मोबाइलला ब्लूटूथने जोडलेली श्रवणयंत्रे वापरणाऱ्या वृद्धांनाही हाच अनुभव येतो आणि त्यांना तो आपल्या वयाचा दोष वाटतो. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर आवाज जुळला, तर शोध तेथेच संपला. घरातील मोठ्या दूरचित्रवाणी संचावर कॅमेऱ्याचे दृश्य पाठविणाऱ्यांना तर काही सेकंदांचा उशीर गृहीतच धरावा लागतो. तो मार्ग सावकाश पाहण्यासाठी ठीक, दाराशी बोलण्यासाठी नव्हे.

लांबट घर आणि पुढचे दार

तंजावर-कुंभकोणम् भागातील जुन्या वस्तीची घरे एकमेकांना चिकटून, पुढे अरुंद आणि मागे लांबवर गेलेली असतात. रस्त्यालगत तिण्णै, म्हणजे आपला ओटा; आत एकामागून एक खोल्या, मध्ये उजेडासाठी मोकळा चौक, भिंती जाड विटांच्या. कोकणातली किंवा वाईची जुनी घरे पाहिलेल्यांना ही रचना परकी वाटणार नाही. अशा घरात राउटर सोयीसाठी आतल्या खोलीत, वीजजोडणीपाशी बसतो आणि डोअरबेल असते पार पुढच्या चौकटीला, बहुधा लोखंडी जाळीच्या दाराशेजारी. तीन-चार भिंती आणि एक जाळी ओलांडताना संकेत क्षीण होतो. हरवलेले तुकडे पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात आणि नियमितपणा जातो.

बहुतेक ॲपमध्ये कॅमेऱ्याला मिळणाऱ्या वाय-फाय संकेताचा आकडा उणे चिन्हासह दिलेला असतो. तो उणे ६० च्या आसपास असेल तर चांगला. उणे ७० किंवा त्याहून खाली असेल तर उशिराचे कारण येथेच सापडले, असे समजण्यास हरकत नाही. राउटर पुढच्या खोलीत आणणे हा पहिला आणि फुकटचा उपाय. ते शक्य नसेल तर पुढच्या खोलीपर्यंत तार ओढून तेथे दुसरे वाय-फाय केंद्र बसवावे. तारेविना संकेत पुढे ढकलणारी स्वस्त रिपीटर यंत्रे बाजारात मिळतात, परंतु त्यांतील अनेक एकाच लहरीवर ऐकतात आणि बोलतात. त्यामुळे संकेत भरलेला दिसतो, पण उशीर वाढतो. कायमच्या कॅमेऱ्याला एकाच तारेतून वीज आणि जोडणी दोन्ही देता येतात, आणि ही तार शंभर मीटरपर्यंत चालते. भिंत फोडण्याची तयारी असेल तर याहून खात्रीचा उपाय नाही.

अनेक डोअरबेल केवळ २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावर चालतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत शेजाऱ्यांचे सगळे राउटर त्याच तिघांत दाटीवाटीने बसलेले असतात. राउटर आपोआप वाहिनी निवडतो, पण ती निवड दर वेळी शहाणपणाची नसते. मोबाइलवरील एखाद्या साध्या ॲपने आजूबाजूची गर्दी पाहून सर्वांत मोकळी वाहिनी स्वतः ठरवून द्यावी.

चढाचा रस्ता

आपण इंटरनेटचा वेग म्हणतो तेव्हा उतरणीचा, म्हणजे डाउनलोडचा वेग मनात असतो. कॅमेऱ्याला मात्र चढ लागतो. चार कॅमेरे प्रत्येकी दोन मेगाबिट पाठवीत असतील तर आठ मेगाबिट अपलोड सतत व्यापलेला राहतो. त्यातच घरातील कोणी लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवायला लावले, की राउटरच्या तोंडाशी रांग लागते. एरवी वीस मिलिसेकंदांत सुटणारा आवाजाचा तुकडा त्या रांगेत अर्धा सेकंद उभा राहतो. राउटरमध्ये प्राधान्यक्रम ठरविण्याची सोय असेल तर डोअरबेलला वरचे स्थान द्यावे. नसेल तर कॅमेऱ्यांची स्पष्टता एक पायरी उतरवावी. मागच्या अंगणातल्या कॅमेऱ्याने रात्रंदिवस सर्वोच्च प्रतीचे चित्र पाठविण्याची गरज सहसा नसते.

घराबाहेरच्या रस्त्यातील अडथळा डोळ्यांना दिसत नाही. भारतात बहुतेक मोबाइल आणि अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता असंख्य ग्राहकांत वाटतात. चाळीत एकच टपालपेटी असावी तसे हे. त्यामुळे मोबाइल आणि कॅमेरा यांची थेट गाठ पडत नाही आणि सारी वाहतूक कॅमेरा कंपनीच्या मध्यस्थ सर्व्हरवरून जाते. तो सर्व्हर मुंबईत असेल तर फारसे बिघडत नाही. सिंगापूर, युरोप किंवा आणखी कोठे असेल, तर तिरुभुवनम्‌चा आवाज समुद्र ओलांडून पुण्याला येतो. ॲपमध्ये नोंदणी करताना विचारलेला देश चुकीचा निवडल्याने सर्व्हर परदेशात ठरल्याची शक्यता असते. हे आधी तपासावे. राउटरवर आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धती सुरू केल्यास, आणि कॅमेरा ती जाणत असल्यास, थेट गाठ पडण्याची शक्यता वाढते.

कॅमेऱ्याच्या पोटात

कार्डावरच्या रेकॉर्डिंगमध्येही टाळी मागे पडत असेल तर कॅमेऱ्याच्या मांडणीकडे वळावे. चित्र आकसण्याच्या नव्या पद्धती जागा वाचवितात, पण जुन्या मोबाइलला त्या उलगडायला वेळ लागतो. त्यासाठी थेट पाहताना दुय्यम, हलक्या प्रवाहाची निवड करावी. काही कॅमेऱ्यांत 'स्मार्ट' नावाने अधिक जागा वाचविण्याची सोय असते. तिच्यामुळे संपूर्ण चित्र बऱ्याच काळाने एकदा पाठविले जाते आणि मधल्या काळात फक्त बदल. ॲप उघडणाऱ्याला पुढच्या संपूर्ण चित्राची वाट पाहावी लागते. ही सोय बंद करून संपूर्ण चित्र दर एक-दोन सेकंदांनी येईल असे ठरविले, की दृश्य लवकर उघडते.

आता दिवसभरात हळूहळू वाढणाऱ्या विलंबाकडे. आवाज मोजणारे आणि चित्र मोजणारे घड्याळ कॅमेऱ्यात एकच असेल असे नाही. दोघांत दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असला, तरी तासाला १८० मिलिसेकंद आणि चोवीस तासांत चार सेकंदांहून अधिक अंतर पडते. चांगले सॉफ्टवेअर हे अंतर वरचेवर भरून काढते, साधारण सॉफ्टवेअर काढीत नाही. उत्पादकाने दिलेले नवे सॉफ्टवेअर चढवावे आणि तेवढ्यावर न भागल्यास रोज पहाटे कॅमेरा आपोआप बंद होऊन सुरू होईल अशी वेळ लावून ठेवावी. उपाय गावठी वाटेल, पण लागू पडतो.

मागाच्या घरात आणखी एक अडचण संभवते. विणताना फणीचा ठोका सतत पडत असतो. कॅमेऱ्यातील गोंगाट दाबणारी यंत्रणा तो ठोका दाबू पाहते आणि त्या खटाटोपात बोलणाऱ्याचा पहिला शब्दही गिळते. ऐकणाऱ्याला वाटते, आवाज उशिरा सुरू झाला. खरे तर तो उशिरा आलेला नसतो. त्याचा आरंभ खाल्लेला असतो. गोंगाट दाबण्याची पातळी कमी करून पाहावी, किंवा मायक्रोफोनची बाजू मागाच्या खोलीकडून वळवावी.

घंटेची वीज, बोलण्याची रीत

बॅटरीवर चालणाऱ्या डोअरबेलचा उशीर बहुतांशी झोपेचा असतो. वीज वाचविण्यासाठी त्या निद्रिस्त राहतात; घंटा वाजली की जाग्या होतात, वाय-फायशी जुळतात आणि मगच बोलू लागतात. यात काही सेकंद जातात आणि कोणतीही मांडणी ते पूर्णपणे टाळू शकत नाही. ज्या घरी वृद्ध एकटे राहतात तेथे तारेवर चालणारी, सदैव जागी असलेली डोअरबेल घ्यावी, असे आमचे मत आहे. मात्र परदेशातून कोणी भेट म्हणून आणलेली डोअरबेल आपल्या घंटेच्या तारांना थेट जोडू नये. अशी अनेक यंत्रे १६ ते २४ व्होल्टसाठी बनविलेली असतात आणि आपल्याकडील घंटेच्या बटणात सहसा २३० व्होल्ट असतात. मध्ये योग्य ट्रान्सफॉर्मर हवा आणि तो वायरमनकडूनच बसवून घ्यावा. ट्रान्सफॉर्मर दुबळा पडला, तरी बोलणे सुरू होताच यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते आणि ते लक्षणही 'उशीर' म्हणूनच सांगितले जाते.

तिसऱ्या दोषात यंत्रापेक्षा सवयीचा वाटा मोठा असतो. मायक्रोफोन आणि स्पीकर एकाच लहानशा डबीत असल्याने आपलाच आवाज परत ऐकू येण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी अनेक ॲप आपण बोलत असताना पलीकडचा मायक्रोफोन बंद करतात. वायरलेसवर पोलीस बोलतात तशी ही पाळीपाळीची रीत आहे. बटण दाबताच बोलायला सुरुवात केली तर पहिला शब्द जातो. म्हणून बटण दाबून मनात एक आकडा मोजावा, वाक्य पूर्ण बोलावे, बटण सोडावे आणि उत्तराची वाट पाहावी. 'उघडू नकोस' यातील शेवटचा शब्द तुटला, तर उलटाच निरोप जातो. त्याऐवजी 'थांब' हा एकच शब्द दोनदा उच्चारणे अधिक सुरक्षित. घरातील वृद्धांशी आधीच ठरवून ठेवावे, की घंटा वाजल्यावर मुलाचा किंवा मुलीचा आवाज ऐकू येईपर्यंत कडीला हात लावायचा नाही. आणि खरोखरच्या संकटात डोअरबेलवर विसंबू नये, सरळ घरी फोन करावा. साध्या फोनवरचा विलंब याहून पुष्कळ कमी असतो.

कॅमेरा आवाज टिपतो तेव्हा तो ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्यांच्या गप्पाही टिपतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आहे. दाराशी बोलण्याची सोय सुरू ठेवून आवाजाचे अखंड रेकॉर्डिंग बंद करता येते आणि बहुतेक घरांना तेवढे पुरते.

चोरी किंवा दमदाटीनंतर तेच रेकॉर्डिंग पुरावा म्हणून द्यावे लागते, तेव्हा मात्र आवाज आणि वेळ यांचा मेळ निराळ्या कारणाने महत्त्वाचा ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. कॅमेऱ्याचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल आणि धमकी देणाऱ्याचे ओठ शब्दांशी जुळत नसतील, तर समोरच्या पक्षाला शंका उपस्थित करण्यास वाव मिळतो. कॅमेऱ्याची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल अशी मांडणी ठेवावी. मूळ फाइल आहे तशी जपावी. आवाज 'दुरुस्त' करून दुसऱ्या स्वरूपात बदललेली प्रत पोलिसांना देऊ नये.

नवा कॅमेरा घेण्याची वेळ आलीच, तर ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरविलेल्या सुरक्षाविषयक चाचण्या बंधनकारक झाल्या आहेत, हे लक्षात ठेवावे आणि विक्रेत्याकडे त्याविषयी विचारणा करावी. दुकानातील वाय-फायवर सगळेच कॅमेरे चपळ वाटतात. तेथेच मोबाइलचे वाय-फाय बंद करून, डेटावर, टाळीची परीक्षा करून पाहण्याचा आग्रह धरावा.

वीज जाऊन येणाऱ्या गावांत राउटरसाठी छोटा बॅटरी संच घेतल्यास खर्च फार येत नाही. तो नसेल, तर वीज परतल्यावर कॅमेरा अनेकदा राउटरच्या आधी जागा होतो, जवळचे केंद्र न सापडल्याने घरातल्या दूरच्या केंद्राला चिकटतो आणि पुढे तेथेच राहतो. काल चांगला असलेला आवाज आज अचानक मागे पडू लागला, तर राउटर पूर्ण सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी कॅमेरा एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा.